आठवा राउंड

रविवार, २९ जून १९९७. सकाळ.
केबलवर टायसनने होलीफिल्डचा कान चावला. दोनदा! याला मेंटल टफनेस म्हणत नाहीत. शेजारी बसलेले सासरे म्हणाले, जवाईबापू, एवढा मोठा गडी, अन् कान काऊन चावून राह्यला? मी टीव्हीचा आवाज वाढवला. कणखर माणूस खुलासे देत नाही.
संकल्प: दिवाळीच्या आत सासऱ्यांना सांगणे की घरजावईपण पुरे, आर्वीचं तुमचं कापडाचं दुकान सोडतो, वर्ध्याला माझा मित्र रूपरावसोबत स्पोर्ट्सचं दुकान काढतो. रूपराव दिवाळीपर्यंत थांबणार आहे. एका वाक्याचं तर काम.

सोमवार, ३० जून.
नाही सांगितलं. युनिफॉर्मची गर्दी होती.

मंगळवार, १५ जुलै.
रक्षा म्हणते, चौदा वर्षांत तुम्ही बाबांपुढे तोंड उघडलं नाही. बायकोला बॉक्सिंग कळत नाही. अली सात राउंड दोरीला टेकून मार खात होता, मुद्दाम. फोरमन दमला, आठव्यात आडवा. दोन वर्षांचा एक राउंड धरला तर माझे सात झाले. काल सासऱ्यांना जिन्यावर धाप लागली. प्लॅन बरोबर चाललाय.

बुधवार, २० ऑगस्ट.
टायसनने रोखून पाहिलं की समोरचा तिथेच अर्धा हरायचा. आरशासमोर दहा मिनिटं प्रॅक्टिस केली. मग दुकानात सासऱ्यांकडे रोखून पाहिलं. ते म्हणाले, डोळ्यात काई गेलं काय? धुऊन या.
धुऊन आलो.

सोमवार, २२ सप्टेंबर.
सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता दीड महिना काळा चष्मा. मी रोखून पाहतो, पण त्यांची पापणी लवली की नाही तेच दिसत नाही. ही सरळसरळ चीटिंग आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दसरा.
सोनं देऊन पाया पडलो. आता बोलायचंच होतं. तेवढ्यात ते म्हणाले, तुमी आहात म्हणून मले काई चिंता नाई. या पंचला गार्ड कसा घ्यायचा, हे मी जपलेल्या बॉक्सिंगच्या एकाही कात्रणात नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर.
रूपरावला एसटीडीवरून तळेगावला, त्याच्या घरी, फोन. उद्या नक्की, म्हणालो. उद्या तीस ऑक्टोबर. अलीने फोरमनला पाडलं तीच तारीख! वर लक्ष्मीपूजन. आता मागे हटणे नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर. संध्याकाळ.
दुकानातली पूजा आटोपली. मी "बाबा" म्हणालो. खरंच म्हणालो. त्याच क्षणी त्यांनी चष्मा काढला, गादीवरून उठले आणि चाव्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. म्हणाले, डॉक्टर आराम करा म्हणते, आता गादी तुमीच सांभाळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रक्षा आनंदाने रडली. मीही रडलो, माझं कारण वेगळं होतं.
मग गादीवर बसून लोडाला टेकलो. चौदा वर्षं इथे टेकून, शब्दही न बोलता, सासरेच बसले होते. मी समोर उभा राहून कापड फाडत होतो. दमलं कोण?

शनिवार, १ नोव्हेंबर.
रूपरावला कळवलं. त्याला धक्का बसेल म्हणून हळूहळू सांगितलं. तो म्हणाला, मले माहीतच होतं गा, मी दसऱ्यालेच बंडूजीले पार्टनर म्हणून हो म्हटलं.
जुनं कात्रण काढलं. फोरमन पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा चॅम्पियन झाला. मला एक्केचाळीस. म्हणजे अजून चार वर्षं आहेत.
उद्या दुकान आठला उघडायचं. चाव्या माझ्याकडे आहेत.