फळ्याची डावी बाजू

कोल्हापूर,
११ डिसेंबर २००७

प्रिय केतन,

परवा रविवारी तू मला पाहिलं नसशील. मी शेवटच्या रांगेत होते. व्यासपीठावरून शेवटची रांग दिसत नाही; आण्णा म्हणूनच खाली उतरून बोलायचे. वडिलांच्या स्मरणार्थ पहिलं व्याख्यान मुलाने द्यावं, त्यासाठी बंगळूरहून यावं, याचं गावात कौतुक चाललंय. मी कौतुक करायला लिहीत नाही. मला किळस आली. दोन दिवस झाले, ती जात नाही.

दारात मुली गुलाबपाणी शिंपडत होत्या. प्रत्येक खुर्चीवर जयसिंगच्या क्लासचं माहितीपत्रक आणि एक कूपन. कूपनावर मुलाचं नाव, इयत्ता आणि फोन लिहून ते पेटीत टाकायचं, सोडतीत सायकल. आण्णांच्या नावाने सोडत. ज्या जयसिंगला आण्णांनी आपल्या ओसरीवर बसवून दहावीच्या गणितातून पार केलं, त्याच्या आज चार शाखा आहेत. असोत. पण व्यासपीठामागच्या भिंतीवरचा तो फ्लेक्स तू नीट पाहिलास का? तुझी त्याच्याकडे पाठ होती, म्हणून सांगते. आण्णांच्या डोक्यावर कॉम्प्युटरने भगवा फेटा चढवला होता. आण्णांनी जन्मात डोक्यावर काही घेतलं नाही. फारच ऊन असलं तर वर्तमानपत्र धरायचे. शेजारी जयसिंगचा फोटो, आण्णांच्या दुप्पट.

मग सत्कार. आमदारांच्या प्रतिनिधीचा, हॉलवाल्याचा, मंडपवाल्याचा, शेवटी तुझा. तुलाही फेटा बांधला. हातातला नारळ कुठे ठेवावा ते तुला कळेना. सबंध कार्यक्रमात तेवढाच एक क्षण तू मला ओळखीचा वाटलास.

फळा नव्हता. मी जयसिंगला विचारलं, तर म्हणाला, “अहो मॅडम, फ्लेक्स झाकतोय की त्यो! सरांचं सगळं लॅपटॉपवर हाय.” मी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. फळा दोन बाकांवर आडवा टाकला होता आणि त्यावर नाश्त्याच्या प्लेटा मांडल्या होत्या. एका कडेने चटणी ओघळली होती. शाळेने मोडीत काढलेला तो फळा आण्णांनी हातगाडीवरून आणला होता, आपण दोघांनी तो घासून काळा केला होता. तुझ्या कोपराला लागलेला रंग आठवडाभर गेला नव्हता.

आण्णांच्या व्याख्यानांचा नियम तुला आठवत असेल. फळ्याच्या मधोमध आण्णा खडूने उभी रेघ मारायचे. उजवी बाजू वक्त्याची, डावी ज्याला कळलं नाही त्याची. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही “थांबा की” म्हणायचं, आणि वक्ता कितीही मोठा असो, त्याने थांबायचं. ज्याचं अडलं तो उठून डाव्या बाजूला यायचा आणि कुठवर समजलं ते लिहून दाखवायचा. त्याचं सुटेपर्यंत व्याख्यान पुढे सरकायचं नाही. पुण्याचे एक प्राध्यापक यावर चिडून चहा न घेता गेले होते. आण्णा दारापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन म्हणाले, घाई होती बिचाऱ्यांना.

पिराजी त्या डाव्या बाजूचे मालकच. बिद्रीहून एसटीने यायचे. मुलगी दहावीला गणितात नापास झाली म्हणून तिला घेऊन पहिल्यांदा आले. ती पास झाली, लग्न होऊन चंदगडला गेली, आणि हे येतच राहिले. दोनच्या वर्गमुळापाशी त्यांनी आपल्याला सबंध संध्याकाळ अडवून धरलं होतं. तू वैतागून खडू मोडलास. आण्णांनी त्यातला लहान तुकडा पिराजींना दिला, मोठा तुला दिला आणि म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून.

तू बंगळूरला गेल्यावर आण्णा आमच्या वस्तीच्या बुद्धविहारातल्या नापासांच्या वर्गावर यायला लागले. दर बुधवारी, शेवटच्या आजारपणापर्यंत. वस्तीतली किती मुलं त्यांच्यामुळे पुढे गेली ते तुला कुणीतरी सांगितलं असेलच. माझ्या हातचा चहा घ्यायचे, माझी चूक सगळ्यांसमोर दाखवायचे. आपल्या दोघांच्या लग्नाचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही. तुझ्या घरी त्या वर्षी काय बोलणं झालं ते तू मला सांगितलं नाहीस. तू निघालास त्या दिवशी स्टँडवर मी तुला एकदा थांब म्हटलं होतं. गाडी सुटायला अजून वेळ होता. तू आत जाऊन बसलास.

हे मागचं. आता परवाचं.

तू चांगलं बोलत होतास. मूळ संख्या कधी संपत नाहीत. समजा संपल्या, मग सगळ्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. इथे पिराजी उठले. आता त्यांना काठी लागते, त्यामुळे उठायला वेळ लागला. “थांबा की, केतनराव,” ते म्हणाले, “एकच का मिळवायचा?” निवेदक माइकवरून म्हणाला, “पावणं, बसून घ्या. प्रश्न शेवटी.” पिराजी म्हणाले, “शेवटी कसं? हितंच अडलंय की!” हॉल हसला. बिल्ले लावलेली दोन पोरं आली आणि त्यांना दंडाला धरून दाराकडे घेऊन गेली. काठी खुर्चीपाशीच राहिली. तू घड्याळाकडे पाहिलंस आणि बटण दाबलंस. पडद्यावर पुढचं पान आलं.

तुला ऐकू आलं नाही असं मी मानलं असतं. पण तुझा हात बटणावर थोडा रेंगाळला. ते मला मागूनही दिसलं.

शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं: “प्रश्न विचारा. – आण्णा.” लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी काठी उचलली आणि बाहेर गेले.

पिराजी सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसले होते. अपमान झाल्यासारखे दिसत नव्हते. गोंधळलेले होते. म्हणाले, “आण्णांचंच पोरगं न्हवं त्यो? मग थांबला का न्हाय?” मी काठी त्यांच्या हातात दिली. ती टेकवत म्हणाले, “आन् त्यो एक कशाला मिळवायचा, सांगा की बाई.” ते मला सांगता आलं असतं. ज्या मूळ संख्येने भागाल तिथे तो एक उरतो. रोज मुलांना शिकवते. पण मी सांगितलं नाही. प्रश्न तुला विचारलेला होता.

हॉल रिकामा झाल्यावर मी फळा मागितला. जयसिंग म्हणाला, “न्या की, अडगळच हाय.” तो आता विहाराच्या सभागृहात आहे. चटणीचा डाग धुतला, पुसट खूण राहिली आहे. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, पूर्वीसारखंच संध्याकाळी, व्याख्यान पुन्हा सुरू करतोय. व्यासपीठ नाही, फेटा नाही, नारळ नाही. विषय मूळ संख्या, कारण तो अर्धवट राहिलाय. वक्त्याचं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पिराजी येणार आहेत. त्यांनी जागा पुढची मागितली आहे. तू आला नाहीस तर उजव्या बाजूला मी उभी राहीन, ते अवघड नाही. पण तुला हे सगळं लिहिलं ते यासाठी, की तू यावंस, त्या एकापासून पुन्हा सुरू करावंस, आणि कुणी थांब म्हटलं तर या वेळी थांबावंस.

तुझीच,
फळ्याच्या डाव्या बाजूची
दीप्ती