बुडवून ठेवलेली होडी

अहो सुनंदाचे बाबा,

सगळ्या जगाला शिकवलंत, मला तेवढं सांगितलं नाहीत! जाळं कसं सांधायचं ते तुमच्या धाकट्या भावाला, बापू भावजींना. गळाला काय लावायचं ते रविवारी धरणावर येणाऱ्या साहेबलोकांना. वारा कुठून सुटणार ते चहावाल्यालासुद्धा. आणि जिने पंचवीस वर्षं वारज्याच्या नाक्यावर बसून तुमचे मासे विकले, तिला होडी कशी पारखतात एवढं सांगायला तुम्हाला सवड झाली नाही? आता फिरतेय दारोदार, जुनी होडी बघत. लोक होडी दाखवतात आणि मी नुसती भोवती चक्कर मारून मान हलवते. काय कळतंय मला?

पत्र लिहायचं माझं वय नाही आणि शिक्षणही नाही. चौथी पास बाई, वाण्याच्या यादीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. पण घरात बोलायला कोण आहे? सुनंदा कात्रजला सासरी. रोज फोन करते, "जेवलीस का?" विचारते, मी "हो" म्हणते, संपलं. परवा चुलीशी, म्हणजे आपल्या गॅसशीच, मोठ्याने बोलत होते तर शेजारीण दार ढकलून बघून गेली. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. आणि मला तुमच्याकडून एक उत्तर हवंय.

दहाव्याला घाटावर काय केलंत, आठवतंय का? पिंड ठेवला, कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली येईना. ऊन डोक्यावर आलं. सुनंदा म्हणाली, "बाबा, आईला मी बघीन." नाही. भावजी म्हणाले, "वहिनींना काही कमी पडू देणार नाही." नाहीच. शेवटी मी वैतागले. म्हटलं, "बरं, तुमची होडी सांभाळते, मोडू देत नाही, झालं समाधान?" तोंडातून शब्द निघायचा अवकाश, कावळा खाली! लोक रडले. मी मात्र मनात म्हटलं, म्हणजे बायकोसाठी नाही, लाकडासाठी जीव अडकला होता तर!

तरी शब्द पाळला. माझ्या पद्धतीने पाळला.

तुम्ही दर उन्हाळ्यात होडीत दगड भरून तिला काठाशी बुडवून ठेवायचात. मी म्हणायचे, "आळशी माणूस! ओढून वर काढायचा कंटाळा, म्हणून बुडवतो." तुम्ही हसायचात. का हसलात? तोंड उघडायला काय झालं होतं?

मी चार माणसं लावून तिला बाहेर काढली. साबणाने धुतली. उन्हात वाळवली. वरून निळा ऑइलपेंट दिला, ताडपत्रीत गुंडाळली, दसऱ्याला झेंडूची माळ घातली. पाण्याचा थेंब लागू दिला नाही तिला. दीड वर्ष! येताजाता ताडपत्रीवरून हात फिरवायचे. म्हणायचे, बघा, तुमच्यापेक्षा जास्त निगा राखतेय.

या नारळी पौर्णिमेला भावजींनी ती पाण्यात सोडली. नारळ वाहून होतोय न होतोय, तेवढ्यात आत पाणी. इतकं भरलं की बघताबघता काठापर्यंत गेली. ओढून पालथी घातली तर सांध्यांतून पलीकडचा डोंगर दिसत होता. फळ्या उभ्या चिरलेल्या. सुताराने बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मावशी, सरपण झालंय हे." मी त्याला दोन शिव्या घातल्या. त्याचा काय दोष? पण कोणाला तरी घालायच्याच होत्या.

कशामुळे झालं ते तेव्हाही कळलं नाही मला. म्हटलं, जुनं लाकूड, मालक गेल्यावर त्याने तरी का टिकावं?

मग शोध सुरू केला. तशीच हवी, लाकडी, जुन्या घडणीची. भिशी उचललीय, तेवढ्यात बसेल ती. भावजी म्हणतात, "वहिनी, फायबरची घ्या, हलकी असते, कटकट नाही." तुम्ही फायबरच्या होडीला काय म्हणायचात? "अंघोळीचा टब." मग ती आणून तुम्हाला काय तोंड दाखवू?

सुनंदाने मोबाइलवर एक शोधून दिली. धरणाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात. गेले. दारातच होडी, चांगली सागवानी, आणि आत गुलाबाच्या कुंड्या! पोरी आत बसून फोटो काढतायत. मालकाला विचारलं, केवढ्याला? त्याने जो आकडा सांगितला, त्यात मी दोन म्हशी घेतल्या असत्या.

म्हटलं, "अहो, बुडाला भोक आहे हिच्या."

"काकू, ही विंटेज आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जुनी. जुन्या वस्तूला किंमत असते."

म्हटलं, "असं? मग मी पन्नाशीची आहे, मला तर कोणी विचारत नाही." तो हसला. मला नाही हसू आलं.

गेल्या मंगळवारी पानशेतच्या अंगाला गेले. मारुतीअण्णा म्हणून एक म्हातारे, हात थरथरतात म्हणून मासेमारी सोडलेली. काठावर नेलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. बघते तर काय, होडी पाण्याखाली! आत दगड, वर शेवाळ, चिलापी माशांची पिल्लं आतबाहेर करतायत.

माझं डोकं सटकलं. "बुडालेली होडी दाखवायला दोन बस बदलून बोलावलंत मला?"

म्हातारा म्हणाला, "बुडाली न्हाय ताई, बुडवलीय. म्हणून तर जित्ती हाय. लाकडाला पाणी पाजावं लागतं. फळ्या फुगून एकमेकींना धरून ऱ्हातात. चार म्हैने कोरडी ठेवली की मेली."

मी तिथेच खाली बसले. दगडावर, ओल्यात. अण्णा घाबरले, "चक्कर आली का?" म्हणाले. काय सांगणार होते त्यांना? की माझ्या मालकाची होडी मीच मारली, साबण लावून, माळ घालून?

मग तुमचं नाव निघालं. अण्णा ओळखत होते तुम्हाला. म्हणाले, "तो व्हय! एकटाच असायचा होडीत. पुढची फळी मोकळी ठेवायचा. मी म्हटलं, तिथं जाळं ठेव की. म्हणायचा, ती बायकोची जागा हाय, कधी येईल सांगता येत न्हाय."

हे तरी मला सांगायचंत ना!

तुम्ही किती वेळा बोलावलंत. "ये गं, एक चक्कर मारू, पाणी छान आहे आज." आणि मी दरवेळी, "मासे काय तुमचा बाप विकेल?" एकदा तर काठापर्यंत आले होते, पायातली चप्पलसुद्धा काढली होती. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, परत फिरले. तुम्ही नुसतं वल्हं पाण्यात टाकलंत.

एकदा बसले असते तर काय बिघडलं असतं?

तुमच्या होडीची तीच पुढची फळी धड निघाली. बाकीचं सुतार घेऊन गेला. ती मी ठेवलीय. तिच्यावर बसूनच हे लिहितेय. टोचते.

आता कामाचं ऐका. अण्णांची होडी माझ्या पैशांत बसतेय. पण तो कुंड्यावाला हॉटेलवाला तिलाही मागतोय. मधोमध कापून काउंटर करणार म्हणे. अण्णा म्हणाले, "तुझ्या मालकाकडं बघून थांबतो, पर सर्वपित्रीपातुर. पुढं न्हाय."

माझा हात धजत नाही. शब्द दिला होता तुमच्या होडीचा आणि तीच मी मोडली. दुसरी आणलेली चालेल का तुम्हाला? की जीव त्याच फळ्यांत होता? रागावलात का माझ्यावर? मी काही मुद्दाम केलं नाही हो. मला वाटलं, कोरडं ठेवलं की जपलं.

चालणार असेल तर माझंही ऐकून ठेवा. जाळं भावजी टाकतील. पण पहिल्या दिवशी तुमची ती फळी पुढे ठोकून घेणार आणि तिच्यावर मी बसणार. फोन घरी ठेवून. आणि उन्हाळा आला की दगड मी स्वतः भरीन, माझ्या हाताने बुडवीन. कोणी आळशी म्हटलं तर म्हणू दे.

वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा हा तुमचा पहिला पितृपक्ष. सर्वपित्री अमावस्येला सकाळी पत्र्यावर घास ठेवते. चिलापीचं कालवण करते, भटजी काय म्हणायचं ते म्हणोत. बाराची बस आहे अण्णांकडे जायची. त्याच्या आत काय ते सांगा, हो की नाही. मागच्यासारखं उन्हात ताटकळत ठेवायचं नाही. आणि या खेपेला कावळा धाडाल तो होडीसाठी नको, माझ्यासाठी धाडा. अमावस्येला, बाराच्या आत. वाट बघतेय.

तुमचीच,
सुनंदाची आई