पुढच्या डाव्या कोपऱ्याचा नट

२७ सप्टेंबर, शनिवार

कॉफीचा कप ठेवताना हात पुन्हा थरथरला. उजवाच. डावा अजून शहाण्यासारखा वागतोय. ट्वायला पाठमोरी होती, तिने पाहिलं नसावं. बायकोपासून हात लपवायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

लुइस्टनहून जानेलचा फोन. अकरा तारखेला बाळाला घेऊन येते म्हणाली, रिगिन्सला नदीवर मासेमारीला, आमच्याबरोबर. "बाबा, मी तुमच्या मागेच राहीन. व्हाइट बर्डच्या घाटात तुमची गाडी पुढे असली की मला भीती वाटत नाही."

पोरी, तुला नाही वाटत. मला वाटते ना!

२८ सप्टेंबर, रविवार

कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी जानेलच्या बाळंतपणासाठी ट्वायला लुइस्टनला होती. मी आणि शेजारचा डेलमार, दोघेच मासेमारीला निघालो. घाट उतरताना चौथ्या वळणावर मागे धाडकन आवाज झाला. थांबून पाहतो तर पिकअपच्या हौद्यात बसवलेला कॅम्पर टीचभर उजवीकडे सरकलेला, हौद्याचा पत्रा आत चेपलेला. टनाहून जास्त वजनाची, पलंग-शेगडीसकट अख्खी खोली ती! चार कोपऱ्यांना चार लोखंडी सळ्यांनी बांधलेली असते. मधला भाग फिरवला की सळी ताणली जाते आणि मग ती उलटी फिरू नये म्हणून वरून चेकनट आवळायचा. पुढच्या डाव्या कोपऱ्याचा चेकनट मी आवळलाच नव्हता. निदान आवळल्याचं आठवत नाही. आणखी दोन वळणं तसाच गेलो असतो तर खोली रस्त्यावर पडली असती. मागे त्या वेळी कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

ट्वायलाला सांगितलं, हरीण आडवं आलं. ती चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवून म्हणाली, "बरंच मोठं होतं म्हणायचं." त्यानंतर वर्षभर विषय काढला नाही.

यंदा मागे जानेलची छोटी गाडी असणार. तिच्यात अकरा महिन्यांचं बाळ.

२ ऑक्टोबर, गुरुवार

डेलमारकडे गेलो. सहज विचारल्यासारखं विचारलं, यंदा सळ्या तू आवळतोस का, माझी पाठ धरली आहे.

"पाठ?" डेलमार म्हणाला. "परवा तर लाकडं फोडत होतास." मग म्हणाला, "हे बघ ओरिन, गेल्या वर्षीचं मी पोटात ठेवलंय. पण दुसऱ्याचा कॅम्पर मी बांधणार नाही. जो चालवणार त्यानेच बांधायचा. माझा बाप असंच म्हणायचा, तुझाही म्हणायचा."

खरं आहे. आमच्याकडे कुणी कुणाचा कॅम्पर बांधत नाही. दुसऱ्याने बांधलेला घेऊन कुणी घाट उतरतही नाही.

निघताना म्हणाला, "डॉक्टरला हात दाखव." मी हाताचं नावही काढलं नव्हतं.

डॉक्टर त्याला रोगाचं नाव देणार. मग लायसन्स, मग पिकअप. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

४ ऑक्टोबर, शनिवार

गॅरेजमध्ये सळ्या काढून तेल दिलं. त्यांच्यावर रंगाचे ठिपके आहेत, लाल, गुलाबी. गॅरेजचं दार रंगवलं तेव्हाचे असावेत. चेकनट बसवायचा सराव केला. तीनदा हातातून पडला.

५ ऑक्टोबर, रविवार

झोप नाही. तेच चौथं वळण.

जानेलला सांगू का, एक दिवस आधी जा म्हणून? कारण काय देणार? चोराच्या मनात चांदणं, तसं झालंय. आज ट्वायलाने नुसतं "काय रे?" विचारलं तरी दचकलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बसवला एकदाचा!

कॅम्पर चार जॅकांवर उचलून ठेवला होता. त्याच्याखाली पिकअप मागे घ्यायची, दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा. या गावात नवरा-बायकोचं खरं भांडण गाडी मागे घेताना होतं. काही लोक तर त्या दिवशी शेजाऱ्यांना घरात थांबायला सांगतात. ट्वायला मागे उभी राहून हात करत होती. तिने अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे तिच्या खुणांमध्ये दयामाया नसते.

"डावीकडे. डावीकडे म्हटलं मी, ओरिन! ते तुझं उजवं आहे."

"आरशात उलटं दिसतं!"

"चव्वेचाळीस वर्षं उलटंच दिसतंय तुला."

हौद्यातली रबरी चटई सरळ होती. पुढे लाकडाचा ठोकळा टाकला, कॅम्पर केबिनवर जाऊ नये म्हणून. चारही जॅक थोडे थोडे करून उतरवले. मग सळ्या. आधी पुढच्या दोन, मग मागच्या. ढिलाई गेल्यावर दीड फेरा, जास्त नाही. जास्त आवळलं तर सळी अडकवायची खुंटीच उपटून येते. मग चेकनट. मागचे दोन्ही झाले. पुढचा उजवा झाला. पुढच्या डाव्या कोपऱ्याशी हात असा काही उडायला लागला की पाना पत्र्यावर वाजायला लागला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि नट फिरवला. आवळला. बहुतेक आवळला.

ट्वायला आलीच. "झालं? जा, अंघोळ कर. तेलाने माखलायस. हत्यारं मी उचलते." दरवर्षीचंच हे. काम संपलं की मला आत पिटाळते.

अंघोळ करताना विचार करत होतो, तो नट बसला की नाही. जेवताना तेच. उद्या उजेडात पुन्हा बघायचा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

उजाडताच बाहेर गेलो. पाना लावला. नट जागचा हलला नाही. मी एवढा घट्ट आवळूच शकत नाही, या हाताने तर नाहीच.

मग वाकून पाहिलं. नटावरून सळीवर एक रेघ ओढलेली होती. नारिंगी, सरळ, ताजी. नेलपॉलिशची! चारही कोपऱ्यांना तशीच.

ट्वायला बसच्या चाकांना अशाच रेघा ओढायची. नट सैल होऊन फिरला की रेघ तुटते आणि लांबूनही दिसतं. बस सुरू करण्याआधी रोज सकाळी ती टॉर्च घेऊन सगळ्या रेघा तपासायची. मुलं बसायची ना त्या बसमध्ये.

ते ठिपके दाराच्या रंगाचे नव्हते. एकेका वर्षाच्या तुटलेल्या रेघा होत्या. तांब्याच्या रंगाची मी ओळखली, जानेलच्या लग्नात ट्वायलाने तीच लावली होती. म्हणजे चार वर्षांपूर्वीची. तिच्या खाली लाल, तिच्याही खाली गुलाबी. वर एक जांभळी, एक फिकी. यंदाची धरून सहा. सातवी असायला हवी होती. गेल्या वर्षीची नाही.

गेल्या वर्षी ती लुइस्टनला होती.

मी समजत होतो की हात गेल्या वर्षी बिघडला. तसं नाही. हात केव्हाच बिघडला होता, फक्त गेल्या वर्षी मागून कुणी आवळलं नाही. सहा वर्षं मी आत साबण लावत होतो आणि ती पान्याने माझं काम पुन्हा करत होती. एक शब्द बोलली नाही. मला आधी राग आला, खोटं कशाला लिहू? मग पायरीवर बसून रडलो. म्हातारा माणूस, तेलकट पाना हातात.

आत गेलो तर ती अंडी तळत होती. नखं नारिंगी.

"सगळं ठीक?" तिने विचारलं.

"घट्ट आहे," मी म्हणालो.

११ ऑक्टोबर, शनिवार

निघताना पिकअपची किल्ली ट्वायलाच्या हातात ठेवली. "ज्याने बांधला, त्याने चालवायचा," म्हटलं. तिने आरसे आपल्या उंचीला लावून घेतले. दहा मैलांवर थांबून रेघा तपासल्या. तिने दोन, मी दोन. चौथं वळण आलं आणि गेलं. बाजूच्या सीटवर बसून ती दरी मी पहिल्यांदा नीट पाहिली. सोमवारी डॉक्टरकडे जायचं ठरलं.

जानेल गावाबाहेरच्या पंपापासून आमच्या मागे होती. कॅम्परआडून तिला पुढचं काही दिसलं नव्हतं. खाली नदीकाठी बाळाला माझ्याकडे देत म्हणाली, "बघा बाबा, तुम्ही पुढे असलात की मला भीतीच वाटत नाही."

मी म्हटलं, पुढे तुझी आई होती. किती वर्षांपासून, ते मला काल कळलं.