निळ्या शाईतलं वाक्य

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सुश्रुतचा फोन. सोळा तारखेचा सत्कार पक्का. हॉल मिळाला, डोंबिवलीतच. माझा एके काळचा विद्यार्थी, आता स्वतःच टक्कल पडलेला बालमनोविकारतज्ज्ञ. तरी माझ्याशी फोनवर अजून उभा राहूनच बोलत असावा.

"मॅडम, मालनची गोष्ट हवीच हां. लोक त्यासाठीच येतात."

"बेचाळीस वर्षं तीच सांगतेय रे. कंटाळले नाहीत?"

"शेवटी ती 'आई' म्हणते ना, तिथे माझी बायको श्रिया दर वेळी रडते. तिला पाठ आहे गोष्ट, तरी रडते!"

हो म्हटलं. फोन ठेवला आणि ही वही काढली.

ती 'आई' म्हणाली नव्हती. हे आजवर या वहीतही लिहिलेलं नाही.

५ फेब्रुवारी

लिहायचंच तर नीट लिहू.

१९८३. नौपाड्यात दवाखाना टाकून वर्ष झालेलं. बोर्ड रंगवणाऱ्याने विचारलं होतं, "बाई, 'बाल' मोठं काढू की 'मनोविकार'?" आपलं मूल या दारात कुणाला दिसू नये म्हणून लोक पदराखाली झाकून आणायचे. ठाण्यात मुलांच्या मनाचा दवाखाना काढणारी मी पहिली! एकच वाक्य घेऊन सभांतून भांडत होते — मूल घरातच बरं होतं. कोंडू नका, संस्थेत टाकू नका, घरी ठेवा!

विठ्ठलवाडीहून महिपत नावाचा गृहस्थ मुलीला घेऊन आला. आठ वर्षांची, कलावती. मालन हे नाव मी व्याख्यानापुरतं दिलेलं. सात महिने ती एक शब्द बोललेली नव्हती. माझी पद्धत ठरलेली — घरचे बाहेर, मूल आत. घरच्यांचं सांगणं काळ्या शाईने लिहायचं, मुलाचं निळ्या, जसंच्या तसं. दोन खेपा ती नुसती माझ्या पेनांकडे बघत बसली. तिसऱ्या खेपेला निळं पेन उचलून माझ्या हातात दिलं आणि बोलली.

"आज मला घरी पाठवू नका."

लिहून घेतलं. मग काय केलं मी? दार उघडून ओरडले — "बोलली! तुमची मुलगी बोलली!"

महिपतने विचारलं, "काय म्हणाली?"

सांगितलं. शब्दन् शब्द. आनंदाच्या भरात!

तो हसला. "लबाड आहे हो. चल गं." तिचं बोट धरून निघाला. तिने मागे वळून पाहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पाहिलं होतं.

पुन्हा आले नाहीत. मी चौकशीला गेले नाही. मूल घरातच होतं ना!

पुढच्या महिन्यात कल्याणला भाषण. सांगता सांगता तिच्या गोष्टीच्या शेवटाशी आले, आणि शेवट नव्हता. समोर चारशे माणसं. तोंडातून निघून गेलं — "आणि ती म्हणाली, आई!" टाळ्या थांबेनात.

८ फेब्रुवारी

विठ्ठलवाडीला जाऊन आले. केसपेपरवरच्या पत्त्यावर आता टॉवर आहे. वॉचमनने खाली खुर्चीत बसलेल्या एका म्हातारीकडे बोट केलं. गंगुबाई. चाळीपासूनची.

"महिपतची पोर? ती मुकी?"

"मुकी नव्हती."

"आमच्याशी तर कधी बोलली नाय. गावाला नेली त्यानं. परत आला तो एकटाच."

"आणि मुलगी?"

"कोन विचारनार बाई? त्याची पोर, त्याचं घर." मग मलाच न्याहाळत म्हणाली, "तुमी कोन तिच्या?"

रिक्षा केली आणि परत आले.

९ फेब्रुवारी

निळं पेन ड्रॉवरमध्ये टाकलं. पुन्हा काढलं. दुसऱ्या पेनाने लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी

सुश्रुत एक खोकं घेऊन आला. माझ्या व्याख्यानांत श्रोत्यांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या! दवाखाना सांभाळणाऱ्या क्षिप्राने तीस वर्षं जपून ठेवल्यात, तारीख-गाव घालून. स्मरणिकेत छापायच्या म्हणे.

त्याला सांगितलं, रविवारी खरं बोलणार आहे.

"मॅडम, वेड लागलंय का तुम्हाला?"

"हा शब्द तू वापरतोस?"

"सॉरी. पण कुणाचं भलं होणार त्यातून? ती असेल, नसेल..."

नसेल. तोही तेच समजतो.

खोक्यात दोन गठ्ठे. नावाचा आणि निनावी. निनावी चिठ्ठी मी कधी वाचलीच नाही. ज्याला विचारायचं त्याने नावानिशी विचारावं, हा माझा बाणा! घडी उघडून आधी तळ बघायचा. नाव नसलं की चिठ्ठी उंच धरायची — "नाव नाही? मग प्रश्नही नाही!" की हशा. मलाही आवडायचा तो हशा. नावाचा गठ्ठा त्याला दिला. दुसरा राहिला कपाटावर.

१६ फेब्रुवारी

सांगितलं. महिपतला मी काय सांगितलं तेही. माइकवरून तिचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

श्रिया रडली नाही. सुश्रुत शाल हातात धरून उभाच. घालावी की नको? शेवटी खुर्चीच्या पाठीवर ठेवली. जाताना एक गृहस्थ थांबले. "आम्ही तुमचं ऐकून मुलाला घरी ठेवलं होतं," एवढंच म्हणाले. बरा झाला का, विचारायचा धीर झाला नाही.

घरी येताना हलकं वाटलं. त्याची लाज वाटली. म्हणजे हेही मी माझ्याचसाठी केलं. जिने ऐकायला हवं होतं, तिला ऐकवायला उशीर झाला.

१८ फेब्रुवारी

निनावी गठ्ठा सोडला. सातवी चिठ्ठी. कोपऱ्यात क्षिप्राचं अक्षर — डोंबिवली, २००९. खाली अनोळखी, बारीक अक्षर —

"बाई, मी 'आई' म्हटलं नव्हतं. तुम्ही निळ्या शाईने लिहून घेतलं होतं. ते वाचून दाखवाल का?"

तळाला नाव नाही.

म्हणजे मी ती उंच धरली होती.