शिवप्पांच्या स्मारकाची जागा

नांदेड, १२ जानेवारी २०२५

ती. मल्लिनाथकाकांस,
मंजुषाचा शि. सा. न.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते. मुरुडला पणजोबा शिवप्पांच्या स्मारकासाठी तुम्ही दाखवलेल्या जागेची माती मी इंजिनिअर म्हणून तपासली. जमिनीच्या पोटातलं दाखवणाऱ्या रडारवर खाली काहीतरी दिसलं, म्हणून चाचणी खड्डा घेतला. पाच सांगाडे आहेत, पाचही आपल्या लिंगायत रीतीने बसवलेले. प्रत्येकाच्या डाव्या तळहाताच्या हाडांत इष्टलिंग.

लहानपणी तुम्हीच सांगायचात की निजामाविरुद्ध गावात शपथेच्या दोन गुप्त मंडळ्या होत्या, एक शिवप्पांची, दुसरी सिद्धरामची. सिद्धराम आणि त्याचे चौघे निजामाला फितूर झाले आणि हैदराबादला पळाले. त्याची नात गुरम्माआजीला अजून फितुरांच्या घरची म्हणतात.

पोलिसांनी मारलं असतं तर हातात लिंग देऊन, आपल्या रीतीने बसवून पुरलं नसतं. हे आपल्याच माणसांनी केलं. तुम्हाला ठाऊक होतं का?

काकूला नमस्कार.
मंजुषा

मुरुड, १८ जानेवारी

चि. मंजुषास,
शरणु शरणार्थ.

तुझी काकू तुझ्यासाठी शेंगापोळ्या करून राहिली, अन् तू हाडं उकरून राहिलीस! लहानपणीही तू घड्याळं उघडून बसायचीस.

हाव, ठाऊक होतं. मला वडलांनी सांगितलं. सिद्धरामची मंडळी फितूर झाली म्हणून कुणीतरी शिवप्पांचे कान भरले. शपथेची माणसं, चौकशी कोण करतो? पूजेला बोलावून पाचांना संपवलं. फितूर आपल्याच मंडळीतला होता, हे मागाहून कळलं. पण शिवप्पांना त्यांना तसंच टाकवेना. त्यांनी स्वतः एकेकाला बसवलं, हातात लिंग दिलं. तेवढं तरी मनात धर.

शेजारची शेतं प्लॉटिंगला गेली. उद्या इथंही कुणाचा जेसीबी लागला असता, म्हणून स्मारक तिथंच धरलं. परक्या इंजिनिअरने लई बोभाटा केला असता. तू घरची पोर, सांभाळून घेशील वाटलं. जागा ठीक आहे एवढंच लिही, वर काँक्रीट पडू दे. आता उकरून कुणाचं भलं होणार हाय?

पोळ्या पाठवतो. रागावू नको.
तुझा काका

नांदेड, २५ जानेवारी

ती. काकांस,
नमस्कार.

हे काम तुम्ही माझं शिक्षण पाहून दिलं, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं.

अहवाल तहसीलला आणि पोलिसांना दिला आहे. जे दिसलं तेवढंच लिहिलं. त्याआधी गुरम्माआजीकडे गेले होते. सगळं ऐकून ती दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, म्हंजे माझा आजा पळाला न्हाई. पुन्हा तेच म्हणाली, जरा मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं.

गावात तिच्या घरचं पाणी कुणी घेत नाही. एकटे तुम्ही दर बसवजयंतीला तिच्याकडे जेवता. मल्लिनाथ मोठ्या मनाचा, त्याने आम्हाला माफ केलं, असं ती नातवंडांना सांगत आली आहे. मल्लिनाथला ठाऊक होतं का, असं तिनेही मला विचारलं.

मी हो म्हटलं.

लोभ आहे तसा ठेवा, हे या वेळी लिहीत नाही.
मंजुषा