झऱ्याला कुलूप नको

ताम्हिणी, मे १९७८

प्रिय हाफीज,

तुझं जिनिव्हाहून आलेलं पत्र मी इथल्या झऱ्याकाठी बसून वाचलं. पहाटेचं धुकं अजून करवंदीच्या जाळ्यांत रेंगाळत होतं, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी तुझा समुद्र हलतोय असं वाटत राहिलं. तू लिहितोस, देशोदेशीची माणसं समुद्राचे कायदे ठरवायला बसलीत. मतं मोजायची नाहीत, सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं. तू टाइप केलेली पानं दुसऱ्या दिवशी खोडली जातात. कुणा एकाचा नसलेला समुद्र सांभाळायचा कुणी, असं तू विचारलंस. मला हसू आलं, कारण इथेही तेच चाललं होतं.

पावसाळ्यात इथे आभाळ फाटतं, पण उन्हाळ्यात वरची धनगरवस्ती आणि खालची शेतकऱ्यांची वाडी एकाच झऱ्यावर जगतात. यंदा धार करंगळीएवढी झाली. बाजी धनगरानं शेळ्या पुढे घातल्या, खालच्या भिकूनं काठी हाणली, बाजीचं डोकं फुटलं. झऱ्याला कुंपण घालून कुलूप लावा, असं जो तो म्हणू लागला. तेव्हा बाजीची बायको बानूबाई, नवऱ्याच्या डोक्याला फडकं बांधता बांधता म्हणाली, "कुलूप आलं की किल्लीवाला धनी व्हतोय. आमाला धनी नगं."

बोलणी बरीच लांबली. शेवटी ठरलं, वरच्यांचं पाणी खालच्यांनी भरून द्यायचं आणि खालच्यांचं वरच्यांनी. एकानं हात आखडला, तर उद्या त्याचीच घागर अर्धी. वाद झालाच तर निवाड्याला मी, दोन्हीकडची नसलेली शाळेतली बाई. "पर शेळ्यांचं कोण बोलंल?" बानूबाईनं विचारलं. बाजीसुद्धा हसला. शेळ्यांना पाणी प्यायला खाली दगडी डोण बसवली.

परवा भिकू बाजीची घागर भरत होता. पाण्याचा आवाज इतका बारीक, की तो ऐकू येतोय की नुसता आठवतोय, कळेना. घागर काठोकाठ भरली, तशी भिकूनं ती उचलून बाजीच्या खांद्यावर दिली.

काल पौडला घरी गेले होते. अब्बांनी आपल्या निकाहाची तारीख ठरवलीय, माझ्या पासपोर्टचा अर्जही आणून ठेवलाय. मी सही केली नाही, हाफीज. अम्मी रडली. मला तू हवा आहेस, पण परक्या गावातल्या खोलीत तुझी वाट बघत दिवस काढणं मला जमायचं नाही. इथे माणसं मला विचारतात, आणि मला ते आवडायला लागलंय. तू परत येशील का, एवढंच विचारायला हे पत्र. नाही म्हणालास, तर मीच मोडलं असं घरी सांगेन. पण उत्तर मला लिही, अब्बांना नको.

अजून तरी तुझीच,
सुलताना