मामंजी घरीच आहेत

सोमवार, ४ मार्च
आणि वर वन्सं मलाच ऐकवतात, वहिनी, घड्याळ चार्ज करायला विसरू नका हं! दोन वर्षांत स्वतः एकदा तोंड दाखवलेलं नाही. बाप सगळं विसरत चाललाय, तर लेकीने काय करावं? पार्सल पाठवावं. घड्याळात जीपीएस आहे म्हणे. मामंजी कुठेही गेले तरी माझ्या फोनवर निळा ठिपका दिसणार. तुमच्याही फोनवर दिसतो का, विचारलं. तर, मला ऑफिसात बघायला वेळ कुठे असतो!

मामंजी वीज खात्यात मीटर रीडर होते. डोक्यातलं सगळं गेलं, मीटर तेवढे राहिले. सकाळी उठायचं आणि कोणाच्याही घरात शिरायचं, मीटर बघायचाय. मी इस्त्री टाकून मागे धावते. दुकानात कपड्यांचा ढीग. आता धावणं बंद. मशीन धावेल, मी बसेन.
ठरवलं: उद्यापासून चिडायचं नाही.

मंगळवार, ५ मार्च
चिडले. घड्याळ तीनदा काढून ठेवलं. खात्याची वस्तू आहे, जमा करतो, म्हणतात. शेवटी साखरेच्या डब्यात सापडलं. मग मी पट्टाच कापला आणि घड्याळ त्यांच्या खाकी कोटाच्या अस्तरात शिवून टाकलं, चार्जरपुरती फट ठेवून. कोट ते जन्मात सोडायचे नाहीत. आमचे हे म्हणाले, आधी तिला विचारायचं होतंस. म्हटलं, तुमच्या बहिणीला साधं बटण तरी लावता येतं का?

शुक्रवार, ८ मार्च
फार सुख. घराचं दार आता उघडंच ठेवते. फिरू दे, तेवढाच व्यायाम. दुकानात टेबलावर फोन उभा केलाय. एक डोळा कॉलरवर, एक ठिपक्यावर.
शेजारच्या मास्तरीणबाई भांडायला आल्या. तुमचे सासरे थेट आमच्या बेडरूममध्ये आले! म्हटलं, एक आकडा सांगायचा, लगेच जातात. मी रोज सांगते. खरा कशाला हवा, तोंडाला येईल तो सांगते.
त्यांचं तोंड एवढंसं झालं. पटलं असणार.

मंगळवार, १२ मार्च. दुपार
उकाडा नुसता. ठिपका सकाळपासून घरी. शहाण्यासारखे बसलेत.
बेकरीवाला धावत आला. मावशी, तुमचे म्हातारे सिग्नलला उभे आहेत, अंगात नुसतं बनियन, पायात चप्पल नाही. मी फोन दाखवला. हे बघ, कुठे आहेत? घरी. तू डोळे तपासून घे. तो म्हणतो, अहो मावशी, मी हाक मारली त्यांना! म्हटलं, हाक काय, कोणालाही मारता येते. तर जाताना म्हणतो कसा, तुमच्या फोनला नमस्कार.
हल्लीची माणसं मशीनवर विश्वास ठेवत नाहीत. म्हणून मागे राहतात.
त्यात वीजवाला आला, मीटर बघायचाय. लग्नाच्या ऑर्डरची घाई, मान वर करायला फुरसत नाही. म्हटलं, दारामागे आहे, बघा आणि निघा. त्याने पाणी मागितलं. म्हटलं, हे काय हॉटेल आहे? तर, सुखी राहा बाई, म्हणून गेला. खात्यात हल्ली कसले कसले लोक भरतात.

तोच दिवस. संध्याकाळ
घरी आले. कोट खुंटीला. मामंजी नाहीत.
मशीनमध्ये फॉल्ट आहे.
हे सारखं एकच विचारतायत, त्या वीजवाल्याच्या अंगात शर्ट होता की बनियन? मला काय माहीत. मी बाईमाणूस, परक्या पुरुषांची बनियनं बघत बसू?

गुरुवार, १४ मार्च
सापडले. त्यांचं जुनं ऑफिस होतं तिथे आता जिम आहे. त्याच्या मागे, गटाराच्या कडेला बसले होते. तळपाय सोललेले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस पोटात पाण्याचा थेंब नाही, वाचले हेच पुष्कळ. मी म्हटलं, मागून प्यायचं ना कोणाकडे! सगळे माझ्याकडे बघायला लागले.
वन्सं रजा टाकून आल्या. एवढ्यासाठी रजा मिळते हो. मला विचारलं, वहिनी, तुम्ही बाबांना शेवटचं कधी पाहिलंत? म्हटलं, मंगळवारी दुपारी, फोनवर.
हे ताडकन उठून बाहेर गेले. जिन्यात नाक पुसत होते. सर्दी झाली असेल.

रविवार, १७ मार्च
वन्सं मामंजींना घेऊन गेल्या. हे सोडायला गेलेत, दोन दिवसांत येतील. निघताना मी वाकून नमस्कार केला. मामंजी वन्संना विचारतात, ह्या कोण? वन्सं म्हणाल्या, कोणी नाही बाबा, चला.
जाऊ दे. सुटले एकदाची. ठरवलं: दुकानाला रंग काढायचा. दुपारी झोपायचं.

शनिवार, २३ मार्च
हे अजून आले नाहीत. माझा फोन उचलत नाहीत. रेंज नसेल.
शेवटी वन्संना लावला. बाबा मजेत आहेत, म्हणाल्या. दादा रोज त्यांना फिरायला नेतो. दोघं मिळून आख्ख्या बिल्डिंगचे मीटर बघतात. बाबा आकडा वाचतात, दादा लिहून घेतो. खरा आकडा! काय हा पोरखेळ. मी म्हटलं, ह्यांना द्या जरा फोन. तर मागून ह्यांचाच आवाज आला, मी झोपलोय म्हणून सांग.
झोपेत बोलायची सवय ह्यांना आधी नव्हती. तिकडचं पाणी मानवत नसेल.
मी मेसेज टाकलाय: वन्सं, मामंजी तुमचे, खुशाल ठेवून घ्या, माझी हरकत नाही. पण हे माझे आहेत. परत येणार की नाही, ते बुधवारपर्यंत कळवा.